झटकलंस काय गो?

मी मच्छरदाणी बोलतेय. हळू बोलतेय, कारण माझ्या घडीत कोणीतरी झोपलंय, आणि ते पोर नाही.

गार आहे. काळं आहे, अंगावर बारीक पांढरे पट्टे आहेत. आज पहाटे मोरीच्या भोकातून आलं. खाटेमागच्या कोपऱ्यात मी बोळा होऊन पडले होते, तिथे माझ्यात शिरलं. मण्यार. अजून उजेड आहे म्हणून नाव घेतलं. तिन्हीसांज झाली की इथली माणसं नाव घेत नाहीत, नुसतं जनावर म्हणतात. यापुढे मीही तेच म्हणेन.

दिवसभर ते हललेलं नाही. अंधार पडला की हलेल. आणि आज, नेमकं आजच, या घरातल्या बाईने ठरवलंय की पोरीला आठच्या आत माझ्याखाली निजवायचं.

मला गोड बोलता येत नाही. जाळीचं काम अडवायचं असतं, गोड बोलायचं नसतं. झालं ते सांगते, मधे विचारू नका.

माझा जन्म इथलाच, तोंडवलीचा, एस्पेरांसाच्या पायमशीनवर. एस्पेरांसा चार घरं सोडून राहते. लग्नाचे झगे शिवते, शाळेचे गणवेश शिवते. शिवताना तोंडात टाचण्या धरते आणि टाचण्या धरूनच बोलते, म्हणून तिचं बोलणं नाकातून येतं. पोटुशी असताना चारुता, म्हणजे या घरातली बाई, मालवणच्या बाजारातून जाळीचं कापड घेऊन तिच्याकडे गेली होती.

"झालर वीतभर लावा, एस्पेरांसाबाय."

"वीतभर नाय, हातभर लावतंय. गादीखाली खुपसूक होई."

"दिसतली कशी ती?"

"पोर दिसूक होया. मच्छरदाणी कोण बघता?"

जाळी चारुताची, पण हातभर झालरीला कापड पुरेना. मग एस्पेरांसाने आपल्या कपाटातली निळ्या फुलांची चादर काढली आणि कात्री घातली. ती चादर तिच्या लग्नातली होती. हे तिने चारुताला सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण ती माझ्या अंगावर आहे.

चार कोपऱ्यांना चार नाड्या लावल्या, आणि मला देताना तिने चारुताला दारापुढच्या खळ्यात उभं करून शिकवलं. हे नीट ऐका, पुढे कामाचं आहे. मच्छरदाणी खाटेवर सोडण्याआधी रोज बाहेर न्यायची. नाड्यांना धरायची, अंगापासून लांब. कवेत घ्यायची नाही. जोरात झटकायची. मग नाड्या खिळ्यांना, मग पोर आत, मग झालर गादीखाली चारी बाजूंनी. आणि हे सगळं आठच्या आत.

"आठाकच कित्याक?" चारुता हसत होती. "आठ वाजता काय डास घड्याळ बघून येतत?"

"डासांचा सोड. आठानंतर आपलो डोळो जड होता. जड डोळ्यान कोण झटकीत नाय, उद्या बघूया म्हणता."

मग तिने टाचण्या तोंडातून काढल्या. टाचण्या काढून ती बोलते तेव्हा आवाज अगदी साधा असतो, आणि तोच ऐकवत नाही. तिच्या बहिणीचा मुलगा होता, डायलन. मे महिन्यात त्यांच्या वाडीत खुरसाकडे, म्हणजे रस्त्यावरच्या क्रुसाकडे, लादीन होती. खुरसासमोर बसून प्रार्थना गातात, मग उकडलेले चणे वाटतात, मोठी माणसं गप्पा मारत बसतात. पोरगं तिथेच चटईवर आडवं झालं. कोणी म्हणालं घरी नेऊया, कोणी म्हणालं राहू दे, कसा छान निजलाय. रात्री केव्हातरी जनावर येऊन गेलं. हे जनावर चावतं तेव्हा दुखतही नाही. रक्त नाही, सूज नाही.

"निजलो म्हणान लोकांनी चादर घातल्यानी त्याच्यार," एस्पेरांसा म्हणाली. "सकाळी उठवक गेले."

टाचण्या परत तोंडात गेल्या.

चारुता त्या दिवशी मला घरी घेऊन आली ती नाड्यांना धरूनच.

मग शिवांगी जन्मली. घरातले शिवू म्हणतात. पाच वर्षं तिची झोप मी वरून पाहिली आहे. बारकी असताना झोपेत हसायची. मोठी झाली तशी हातपाय पसरून निजायला लागली, एक पाय कायम झालरीला लावून. दिवेलागण झाली की पेज, पेजेवर तोंड पुसलं की मी. मी खाली आले की या घरात दिवस संपायचा. गुरुदाससुद्धा, म्हणजे शिवूचा बाप, टीव्हीचा आवाज बारीक करायचा.

आणि रोज तिन्हीसांजेला एस्पेरांसा खुरसाकडे मेणबत्ती लावायला याच रस्त्याने जायची. थांबायची नाही. दगडी गडग्यापलीकडून, चालता चालता, टाचण्या तोंडात तशाच धरून विचारायची, "मच्छरदाणी झटकलंस काय गो?"

"झटकलंय, एस्पेरांसाबाय."

झालं. एवढंच बोलणं. पण त्या एका प्रश्नाच्या धाकाने मी रोज झटकली गेले. एकदा माझ्यातून विंचू पडला होता, एकदा नुसती पाल. पडलं ते खळ्यात पडलं, खाटेवर नाही.

मग गुरुदासने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या.

त्यात वाईट काही नाही. माणसाने पोट भरू नये असं मी म्हणत नाही. समुद्र दारात, चारुताच्या हाताला चव, पावणे येऊ लागले. खळ्यात मांडव घातला, खुर्च्या आल्या, रंगीत दिव्यांची माळ आली. जेवणाला दहा वाजायला लागले. उष्ट्या भाताची आणि काट्यांची बादली मागच्या दाराशी रात्रभर उघडी राहायला लागली. बादलीला उंदीर आले. उंदरांच्या मागून काय येतं ते मी सांगायला नको. मला खाटेवरून सगळं दिसत होतं, पण खळ्यात दिवे एवढे लावले होते की बाकी कोणाला काळोख दिसत नव्हता.

आणि पावण्यांना शिवू आवडली.

शिवूच्या अंगात नकला आहेत. दशावतारातला राजा करते, पुठ्ठ्याचा मुकुट घालून, मांडी थोपटून. एसटीतला कंडक्टर करते. मासे विकणाऱ्या बाया करते, दोघी भांडतानाच्या, आणि दोघींचे आवाज वेगळे काढते. पावणे हसून हसून खुर्चीतून पडायचे. मोबाईल वर करून चित्रं काढायचे. घरी गेल्यावर मोबाईलवरच लिहायचे, जेवण उत्तम, आणि छोटी शिवांगी चुकवू नका. पुढचे पावणे आले की बॅगा ठेवायच्या आधी विचारायचे, ती मुलगी कुठे आहे.

"निजली ती," सुरुवातीला चारुता सांगायची.

"आत्ता? साडेआठला? अहो, आमची मुलं बारापर्यंत जागी असतात. सुट्टी आहे ना."

सुट्टी त्यांची होती. शिवूची दुसऱ्या दिवशी शाळा होती. पण हे म्हणायला तोंड लागतं, आणि पावण्यांपुढे तोंड उघडायचं नाही असं गुरुदासने बजावलं होतं. तो आत यायचा, माझी झालर उपसायचा, निजलेलं पोर उचलून न्यायचा. "दहा मिन्टां फक्त, चारू." ती दहा मिनिटं मी लोंबत राहायची, एका बाजूने उघडी. दहा मिनिटं केवढी असतात ते मला विचारा. डासांनी गादी भरून जायची, तरी पोर परत यायचं नाही.

मग एके दिवशी गुरुदासने भिंतीत लावायचं डासांचं यंत्र आणलं, लाल दिव्याचं. "आता हिचां काय काम?" म्हणाला. माझ्या तीन नाड्या सोडल्या. चौथीची गाठ सुटेना, ती ओढून तोडली. मी खाली पडले. तशीच बोळा करून खाटेमागे सारली.

तरी एस्पेरांसा विचारत होती. रोज. आणि चारुता सांगत होती, झटकलंय. खोटं.

एका संध्याकाळी पावणे खळ्यात चहा पीत बसले होते. एस्पेरांसा रस्त्याने आली. नेहमीसारखं विचारलं. चारुता तोंड उघडायच्या आत शिवूने पेन्सिल ओठांत आडवी धरली, मान तिच्यासारखीच वाकडी केली आणि तस्साच नाकातला आवाज काढला, "मच्छरदाणी झटकलंस काय गो?"

पावणे खदाखदा हसले. एक बाई म्हणाली, परत कर, परत कर, मी घेते मोबाईलवर. शिवूने परत केलं. चारुताही हसली. पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते ते रस्त्यावरून दिसत होते.

एस्पेरांसा थांबली. त्या रस्त्यावर ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"बरां करतंस गो चेडवा," ती म्हणाली आणि मेणबत्ती घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या पाणंदीने खुरसाकडे जाते. लांब पडतं तिला.

"रागावली वाटता," चारुता म्हणाली.

"रागावांदेत. रोज काय ता झटकलंस, झटकलंस. पावण्यांका वाटत आसतला हय ढेकूण आसत." गुरुदास टेबल पुसत होता. "आणि शिवून केल्यान कसां? अगदी हुबेहूब."

तेव्हापासून या घराला विचारणारं कोणी उरलं नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या दिवशी. जनावर नंतर आलं.

शिवूला मी जमिनीवरून पाहत होते. डोळ्यांखाली सावली. सकाळी चारुता तिला हाक मारमारून थकायची, शेवटी निजलेलीच बसवून तिच्या वेण्या घालायची. जेवताना तोंडात घास तसाच ठेवून मान पडायची. एकदा मुकुट घालून, खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. पावणे म्हणाले, किती गोड, हलवू नका, फोटो घेऊया. फोटो झाल्यावर कोणीतरी तिचा गाल थोपटला. "झोपू नकोस ना गं, तुझा राजा राहिलाय अजून." पोर उठली आणि मांडी थोपटायला लागली. डोळे मिटलेलेच होते.

गोड. हा शब्द मी फार ऐकला. चटईवर निजलेल्या डायलनलाही लोक हेच म्हणाले असणार.

या आठवड्यात शिवू पडवीत जमिनीवरच निजून गेली होती. चारुता मागे भांडी घासत होती. तिला वाटलं गुरुदासने आत नेली. गुरुदास पावण्यांना खोलीत पाणी देत होता. त्याला वाटलं चारुताने नेली. बादलीकडून जनावर आलं. भिंतीला धरून, घाई न करता. शिवूच्या टाचेपाशी थांबलं. मी खाटेमागे पडून दारातून बघत होते. मला तीन नाड्या उरल्यात, हात एकही नाही. शिवूने झोपेत पाय ओढला. जनावर अंमळ थांबलं, मग उंदराच्या मागे गेलं.

सकाळी शिवू उठली. जिवंत उठली. कोणाला काही कळलं नाही. गुरुदास चहा पिता पिता म्हणाला, चल, आज गर्दी आसा.

आज दुपारी शाळेतल्या बाई आल्या. त्या कधी घरी येत नाहीत. शिवूचा हात धरून आल्या होत्या आणि शिवूच्या हनुवटीला पट्टी होती.

"जेवणाच्या रांगेत उभी होती," बाई म्हणाल्या. "ताट हातात. उभ्या उभ्या झोपली. आधी ताट पडलं, मग ही पडली. मला सांगा, रात्री झोपते किती वाजता?"

चारुताने गुरुदासकडे बघितलं. गुरुदासने चारुताकडे.

शिवूनेच सांगितलं. "पावणे निजतत तेवा."

बाई चहा न घेताच गेल्या. मग चारुता जे बोलली ते या घरात कधी बोलली नव्हती. आवाज चढवला नाही. पातेलं घासत होती ते घासतच राहिली.

"आजपासून ती आठाक निजतली."

"आज पुण्याचे लोक आसत, चारू. खास तिच्यासाठी इलेहत. उद्यापासून—"

"उद्या नाय. तू मुकुट घाल आणि तूच नाच त्यांच्यापुढे."

गुरुदास हसायला गेला, पण हसू आलं नाही.

ती बरोबर वागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुम्ही पुढे तिला नावं ठेवाल. या घरात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी बरोबर वागलं. पण सवय मोडली की नुसतं बरोबर ठरवून पुरत नाही, मोडलेली सवय सगळीच्या सगळी परत आणावी लागते. तिला निजवायची वेळ आठवली. मला खाटेवर सोडायचंही आठवलं. मधलं एक विसरली.

आता बाहेर दिव्यांची माळ लागली आहे. शिवूची पेज झाली. खळ्यात खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय.

माझ्या घडीत जे आहे ते हललं. थोडंच. कूस बदलल्यासारखं.

चारुता शिवूला कडेवर घेऊन आत आली. खाटेवर ठेवलं. पट्टीला हात लावून बघितलं. मग खाली वाकली आणि मला कोपऱ्यातून ओढलं, दोन नाड्यांना धरून. माझं वजन तिच्या हाताला कळायला हवं होतं. पूर्वी कळलं असतं. आता तिचा हात मला विसरलाय.

तिने दोन नाड्या उशाकडच्या खिळ्यांना लावल्या. बाकीची मी पायथ्याशी ढीग होऊन पडलेय, गादीवर. शिवूने सवयीने एक पाय पसरला आणि माझ्या झालरीला लावला. निळ्या फुलांना.

तिच्या टाचेत आणि त्याच्यात आता फक्त मी आहे. एक पदर.

"चारू, दहा मिन्टां," बाहेरून गुरुदास. "पावणे इचारतत."

"सांग त्यांका, निजली."

चारुता तिसरी नाडी शोधतेय. चौथी तुटलेली आहे ते तिला माहीत नाही, तिलाही शोधील. शोधताना ढिगात हात घालील.

शिवूच्या डोळ्यांवर झापड आहे. पण तिला आई हसलेली आवडते, आणि आज आई दिवसभर हसलेली नाही. तिने केसांतली पिन काढली, ओठांत आडवी धरली, मान उशीवरच वाकडी केली.

"मच्छरदाणी झटकलंस काय गो?"

चारुता हसली. पहिल्यासारखीच, खांदे हलवत.

मग खांदे थांबले.

ती शिवूकडे बघतेय. मग दाराबाहेर, रस्त्याकडे बघतेय. रस्त्यावर कोणी नाही. तिचा हात माझ्यावर, पण आत गेलेला नाही.

"रव हां," ती शिवूला म्हणाली. आवाज अगदी बारीक. "पाय वर घे बाय. गप बस. मी झटकून आणतंय."

शिवूने पाय वर घेतले. चारुताने उशाकडच्या दोन्ही नाड्या काढल्या. आता ती मला उचलतेय. मागचं सगळं तिला आठवायला हवं, आत्ताच्या आत्ता. नाड्यांना धर. अंगापासून लांब धर. एस्पेरांसाने खळ्यात उभं करून शिकवलं होतं ते हात आठव. पोराला घेतात तसं मला पोटाशी घेऊ नको, चारुता. माझ्या पोटात जागं झालंय.

दार इथून पाच पावलांवर आहे. खळ्यात पुण्याची माणसं बसली आहेत. ती हसतील, या वेळी ही बाई काय झटकतेय म्हणून. हसू देत.

आणि तुम्ही. तुमच्या घरातही आता दिवे लागले असतील, पोर अजून कोणाला तरी काहीतरी करून दाखवत असेल, आणि तुम्ही म्हणत असाल, राहू दे, दहा मिनिटं. उठा. आधी झटका, मग निजवा, आणि आठच्या आत. तुमच्या गडग्यापलीकडून रोज तेच तेच विचारत जाणारी कोणी बाई असेल, तर तिला हसू नका. ती मागच्या पाणंदीने जायला लागली असेल, तर उद्या जाऊन तिला परत या रस्त्यावर आणा.

मी आता उंबऱ्यावर आहे. नाड्या ताणल्या आहेत. हात अजून अंगापासून लांब आहेत.

लांबच ठेव, बाय.